कडूबा हेडी आणि उतरती खाट

राजूरच्या आसपास कुणाला बैल विकायचा असला आणि समोरून कडूबा येताना दिसला, की विकणारा आधी तंबाखू मळायला बसायचा. घाई करून उपयोग नव्हता. कडूबा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणार, खुरं बघणार, बैलाला चालवणार, बसवणार, परत उठवणार, आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणणार, "जनावर चांगलं हाये. मंग विकून का राह्यलास?" या प्रश्नापुढं भलेभले गप्प व्हायचे.

बैलांचा सौदा जमवणाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. कडूबा मिसरूड फुटल्यापासून हेडी. सौदा व्हायचा उपरण्याखाली. दोघांचे हात कापडाआड, कुणी कुणाची किती बोटं दाबली त्यावरून भाव ठरायचा, आणि भोवतीच्या गर्दीला काही पत्ता लागायचा नाही. समोरच्याच्या बोटांना घाम सुटला की कडूबा ओळखायचा, जनावरात खोट आहे.

त्याचं नावच बघा ना. आईबापाची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला कडू म्हणायचं ठरलं, म्हणजे मरणानं तोंडात घेतला तरी चव बघून थुंकून टाकावा. ज्याच्या बारशालाच यमाला फसवायचा बेत शिजला, तो मोठेपणी कुणाचा भरवसा धरणार? दुकानदारानं साखर बांधून दिली की हा पुडी हातावर तोलून बघायचा. एसटीत कंडक्टरनं "राजूर आलं" म्हटलं तरी खिडकीतून वाकून देवळाचा कळस दिसतो का ते बघायचा आणि मगच उतरायचा. बायको साळूबाई म्हणायची, "माझ्या हातचं जेवतेत, हेच नशीब समजायचं."

बैलाचा डोळा तपासायची त्याची खास रीत होती. मागून बगलेला जाऊन उभं राहायचं, पायाचा आवाज होऊ द्यायचा नाही, आणि उपरण्याचं टोक हळूच डोळ्यापुढं न्यायचं. दिसणारा बैल पापणी मिटतो, अधू बैल ढिम्म उभा राहतो. पण कडूबाला त्याच्या आधीच वास यायचा. एका डोळ्यानं अधू असलेला बैल मान थोडी त्या बाजूला वळवून चालतो, आणि विकणारा नेमका त्याच बाजूला उभा राहून डोळा झाकत असतो. "बाजूला सरक बरं जरा," असं कडूबानं म्हटलं की अर्ध्या बाजाराला कळायचं.

अख्ख्या जन्मात त्यानं एकाच माणसाच्या शब्दावर बैलाचं तोंड न उघडता सौदा केला. तो म्हणजे भोकरदनचा महेमूद, त्याचा धंद्यातला जोडीदार. महेमूद वारला तेव्हा कडूबा आठवडाभर बाजारात गेला नाही. आता महेमूदची बायको रहिमाबी होती. तिच्या हाताला नागिणीचं येश होतं. अंगावर नागीण उठली, फोडांची रांग जळायला लागली, की लोक तिच्याकडं जायचे. ती गेरू उगाळून रांगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारायची, तोंडातल्या तोंडात काही म्हणून फुंकर घालायची, आणि कुणाकडून काही घ्यायची नाही. नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळू द्यायचं नाही, एवढंच त्यामागचं सांगणं. कडूबाच्या पाठीवर उठलेली नागीण तिनंच बरी केली होती, असं कडूबा मानायचा.

तर अशा माणसाच्या पोटी सोमेश्वर आला, एकुलता एक. शिकला, संभाजीनगरात राहिला, आणि एक दिवस घरी येऊन जेवताना म्हणाला, "आबा, मला दोन महिन्यांचं काम मिळालंय."

"कसलं?"

"झोपायचं."

कडूबाच्या हातातला घास हातातच राहिला. पोरगा खोटं बोलला असता तर त्यानं जागच्या जागी पकडला असता. हा खरं सांगत होता, तीच मोठी पंचाईत झाली.

सोमेश्वरनं नीट समजावून सांगितलं. माणूस अंतराळात गेला की अंगाचं वजन जाणवेनासं होतं, रक्त डोक्याकडं चढतं, हाडं आणि स्नायू झिजतात, आणि अंगाची जी आजाराशी लढायची ताकद असते ती ढिली पडते. माणसं वर पाठवायच्या आधी हे सगळं खाली जमिनीवर बघायचं असतं. म्हणून परराज्यातल्या एका संस्थेत धडधाकट पोरांना उतरत्या खाटेवर झोपवतात. डोकं खाली, पाय जरा वर. जेवण, अंघोळ, सगळं आडवंच. दोन महिने उठून बसायचंसुद्धा नाही.

"आन् ते काय काढून घेतेत?"

"काढून काय घ्यायचंय? रक्त तपासतात, थुंकी तपासतात, शी तपासतात."

"शी?"

"आपल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात आबा, चांगले जंतू. अन्न पचवतात, आजार आवरतात. वर गेल्यावर त्यांची वस्ती बदलते. कोणते कमी झाले, कोणते वाढले, ते शीतून कळतं. म्हणून ती बर्फात ठेवतात."

कडूबा जेवण टाकून उठला. माणसाची नखं, केस, असलं काही परक्याच्या हाती लागू द्यायचं नाही, करणी करायला तेवढं पुरतं, हे त्याला आईनं शिकवलं होतं. आणि ही माणसं पोराची शी बर्फात जपून ठेवणार. वर खाऊ घालणार, झोपू देणार, आणि मोबदलाही देणार. आडव्या पडलेल्या माणसाला कोण फुकट पोसतं? तो साळूबाईला म्हणाला, "हे किडनीचं काम हाये. बिलकुल किडनीचं."

पोरगा ऐकतो थोडाच. गेला. दोन महिने कडूबानं कसे काढले ते साळूबाईला विचारा. रोज फोन करायचा आणि पहिला प्रश्न हाच, "लघवी बराबर होती का?" शेजारची खाट कुणाची, तो अजून जिवंत आहे का, डॉक्टरीणबाई हसून बोलती का गंभीर बोलती, सगळं विचारायचा. हसून बोलती म्हटलं की त्याला जास्तच घोर लागायचा.

सोमेश्वर परत आला तेव्हा पाय काटक्यांसारखे झालेले, चालताना भिंतीला हात लावून चालत होता. कडूबानं त्याला उंबऱ्यात थांबवलं, शर्ट वर करायला लावला, दोन्ही कुशींवरून बोटं फिरवली. टाका नव्हता. पाठ बघितली. तिथंही नव्हता. त्यानं नुसतं "हं" केलं, आणि मनात म्हटलं, आजकाल टाका न घालता काढत असतील.

पोराच्या पिशवीत एक थंड ठेवायचा डबा होता. महिन्यानं घरून एकदा शीचा नमुना पाठवायचा होता, म्हणजे पोटातल्या जंतूंची वस्ती पुन्हा पहिल्यासारखी बसली का ते कळलं असतं. कडूबानं तो डबा उचलला आणि थेट उकिरड्यात पुरला. सोमेश्वर चिडला. "आबा, मी शब्द देऊन आलोय त्यांना." कडूबा म्हणाला, "शब्द तू दिला, डबा मी पुरला. माझ्यावर लावा म्हण फिर्याद."

दहाबारा दिवस गेले असतील. एक दिवस सोमेश्वरचं डोकं डावीकडून ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी कपाळाच्या डाव्या बाजूला लाल चट्टा उठला, त्यात बारीक बारीक फोड. अंगात ताप. तो साळूबाईला म्हणाला, "आई, माझा फोन दे. डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, अंगावर काही उठलं तर लगेच कळवायचं."

फोन कडूबानं आधीच उचलून स्वतःच्या खिशात घातला होता. फोडांची रांग बघताच त्यानं ओळखली. नागीण. आता नागीण काय जवान पोराला होती? ती म्हाताऱ्याला होती, खंगलेल्याला होती. चांगला बैलासारखा पोरगा पाठवला होता, त्याला आतून पोखरून पाठवलं, आणि आता "लगेच कळवा" म्हणतात. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. आधीच ठाऊक होतं म्हणजे त्यांनीच केलं. कडूबाचा हिशेब जुळला, आणि इतका बराबर जुळला की त्याला जरा समाधानसुद्धा वाटलं. माणूस असाच फसतो.

त्याच दुपारी फोन वाजला. संस्थेचाच. कडूबा फोन घेऊन अंगणात गेला. पलीकडून बाईचा आवाज आला, मराठी चांगलं बोलत होती. "सोमेश्वर कसा आहे? ताप, पुरळ, फोड, काही आहे का?"

गिऱ्हाईक बैलाची खोड विचारतं तेव्हा हेडी काय करतो? जे त्यानं जन्मभर इतरांना करताना पकडलं, तेच कडूबानं केलं. तो म्हणाला, "काय न्हाई. ठणठणीत हाये. रानात गेलाय." आणि फोन बंद करून टाकला.

मग तो भोकरदनला रहिमाबीच्या दारात गेला. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, ती लेकीकडं जाफराबादला गेली आहे, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, येईल. कडूबाला सरळ जाफराबादची जीप धरता आली असती, पण त्यानं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं, आणि चौकशी केली तर गावभर होईल, पोराला काय झालं म्हणून लोक विचारतील, असल्या विचारात तो माघारी फिरला. जुम्मा दोनतीन दिवसांवर होता. तोवर फोड कपाळावरून पापणीवर उतरले, नाकाच्या शेंड्यावर दोन उठले, आणि डावा डोळा सुजून मिटला. साळूबाई रडून म्हणाली, "जालन्याला न्या हो." कडूबा म्हणाला, "जालन्याचा डॉक्टर त्यांनाच फोन लावंल. एकाच माळेचे असतेत सगळे." सोमेश्वर तापात होता. फोन कुठं आहे हे त्यानं दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

जुम्म्याला कडूबानं पोराला जीपमध्ये घालून भोकरदनला आणलं. रहिमाबी नुकतीच आली होती, बुरखा अजून खुंटीला लावत होती. तिनं पोराला ओसरीवर बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, आणि तिचा हात तसाच थांबला.

"भाभी, गेरू उगाळा," कडूबा म्हणाला.

"न्हाई उगाळणार, कडूबाभाऊ."

"का?"

"गळ्याच्या वर मी हात लावत न्हाई. माझ्या सासूनं लावला होता एकदा एका बाईला. कपाळावरच होती नागीण. बाई वाचली, डोळा गेला. तवापासून आमच्या घरात गळ्याच्या वर बंदी हाये. तुम्ही कितने दिवस झाले घरात ठेवलं याला?"

 कडूबाच्या डोक्यात तेच चाक फिरायला लागलं होतं. ही आजपर्यंत कुणाला नाही म्हणाली नाही, मग आजच का म्हणते? हिला कुणाचा फोन आला असंल का? त्यानं विचारलंच, "तुम्हाला कुणी काय सांगितलं का भाभी?"

रहिमाबीला राग आला. ती शांत बाई, पण त्या दिवशी गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "महेमूदचं तुम्ही ऐकायचे. बैलाचं तोंड न बघता घ्यायचे. का घ्यायचे? कारण खोट असली की तोच आधी म्हणायचा, हा बैल घेऊ नका. नको म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलंल? मी पण नकोच म्हणून राह्यली. माझा गेरू लावू नका. जल्दी जालन्याला जा, डोळ्याच्या डॉक्टरकडं."

 कडूबानं पोराला उठवलं आणि रहिमाबीच्या नातेवाइकाच्या गाडीतून तसाच जालन्याला नेला.

डोळ्याच्या डॉक्टरनं बघता क्षणी भरती करून घेतलं. सलाइन लागलं, गोळ्या सुरू झाल्या, तासातासाला डोळ्यात थेंब. कडूबा प्रत्येक बाटलीचा वास घेऊन बघायचा, नर्स चिडायची, पण तो खाटेजवळून हलला नाही. संध्याकाळी सोमेश्वरनं फोन मागितला. या वेळी कडूबानं मुकाट्यानं काढून दिला.

डॉक्टर मॅडमशी सोमेश्वर थोडं बोलला आणि म्हणाला, "आबा, त्यांना तुमच्याशी बोलायचंय." त्यानं फोनचा आवाज मोठा केला.

कडूबानं आधी विचारलं ते हेच. "माझ्या पोराला हे तुमच्यामुळं झालं का?"

पलीकडून बाई म्हणाली, "हो म्हणून सांगता येत नाही, आणि नाही म्हणूनही सांगता येत नाही. लहानपणी कांजण्या येऊन जातात ना, त्यांचा विषाणू बरा झाल्यावरही अंगात झोपून राहतो. अंगाची राखण ढिली पडली की तो उठतो. अंतराळात गेलेल्यांच्या थुंकीत असे झोपलेले विषाणू जागे झालेले सापडलेत. बहुतेकांना काही त्रास होत नाही. खाटेवर झोपवून तसंच होतं का, हेच आम्ही बघत होतो. म्हणून पुरळ आलं की कळवा म्हणत होते."

कडूबाला आश्चर्य वाटलं. विकणारा माणूस एवढं कबूल करत नाही. त्याच्या आयुष्यात "सांगता येत नाही" म्हणणारा हेडी त्याला भेटला नव्हता. इतके दिवस तिच्याविषयी मनात रचलेलं सगळं ढासळलं आणि त्या जागी काय ठेवावं ते त्याला समजेना.

"पहिल्या तीन दिवसांत औषध पडलं असतं तर डोळ्याला धोका फार कमी होता," बाई म्हणाली. "मी मंगळवारी फोन केला होता. घरातून कुणीतरी तो ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. कोण होतं ते?"

खाटेवर सोमेश्वर ऐकत होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा, बापाकडं लागलेला.

"मीच व्हतो," कडूबा म्हणाला.

  सोमेश्वरनं कुशीवर वळून भिंतीकडं तोंड केलं, आणि त्या रात्री कडूबा खाटेच्या पायथ्याशी बसून होता तो बसूनच राहिला. पोरानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं.

हळूहळू फोड वाळले, सूज उतरली, डोळा उघडला. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर डाग राहील, नजर कितपत येते ते काही दिवसांनी कळेल. घरी आल्यावर सोमेश्वर सगळ्यांना सांगायचा, "दिसतंय की. थोडं धूसर, पण दिसतंय." साळूबाईनं राजूरला जाऊन गणपतीला नारळ फोडला.

संस्थेनं नवा डबा पाठवला. पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, असं मॅडमनी सोमेश्वरला सांगितलं होतं. सोमेश्वरनं नमुना भरून डबा बंद केला आणि बापाकडं बघितलं. कडूबानं तो उचलला, पिशवीत घातला आणि स्वतः भोकरदनला पार्सलच्या दुकानात नेऊन दिला. जीपमध्ये कुणीतरी विचारलं, "कडूबा, काय घेऊन चाल्लास?" तो म्हणाला, "पेढे." दुकानदारानं वजन केलं तेव्हा त्यानं काटासुद्धा बघितला नाही. त्याच्या मनात भलतंच चाललं होतं. तिथं वर, चांदण्यांत, एखाद्याच्या कपाळावर फोड उठले तर त्याला कोणत्या जालन्याला न्यायचं? कुणाचं तरी पोरगंच असंल ते. घरी आल्यावर त्यानं हे सोमेश्वरला विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी पोरगा बापाशी बोलताना हसला.

पण कडूबा हेडी होता. बघायचं नाही म्हटलं तरी नजर जायचीच. सोमेश्वर चहा ओतायचा तेव्हा मान जरा डावीकडं वळवायचा. दारातून बाहेर पडताना वळवायचा. साळूबाई डावीकडून ताट द्यायची तर दचकायचा. कडूबा हे आठवडाभर बघत होता आणि स्वतःला सांगत होता, अशक्त झालाय, म्हणून होतं तसं.

शेवटी त्याला राहवलं नाही. ओसरीवर दोघंच होते. तो सोमेश्वरच्या समोर बसला आणि म्हणाला, "उजवा डोळा झाक बरं. हाताचा तळवा लाव, बोटं नको."

सोमेश्वरनं डोळा झाकला. कडूबानं हात वर केला, मग आवाज न करता खाली घेतला आणि उपरण्याखाली झाकला.

"किती बोटं हायेत?"

 सोमेश्वर अगदी सहज म्हणाला, "दोन, आबा."

कडूबाची मूठ उपरण्याखाली बंद होती. जन्मभर असल्या वेळी तो म्हणत आला, बाजूला सरक बरं जरा. बैल, दुकानदार, कंडक्टर, कुणालाच त्यानं सोडलं नव्हतं. त्यानं पोराच्या तोंडाकडं बघितलं. बुबुळावर पांढरट ढग होता आणि पोरगा हसायचा प्रयत्न करत होता.

"बराबर," कडूबा म्हणाला.

आता बापलेक राजूरच्या बाजारात येतात. गर्दीत सोमेश्वरला डावीकडून कुणाचा धक्का लागत नाही आणि त्याच्या डोळ्याचंही कुणाच्या फारसं लक्षात येत नाही, कारण कडूबा कायम त्याच्या डाव्या बाजूनं चालतो.